चार नंबरला बंदी आहे

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि बंदुकांच्या एका ऑनलाइन खेळातून मला कायमचे हाकलले आहे. ते मी लपवणार नाही.

पेरू देशातल्या आरेकिपा शहरात दोन्या एर्मेलिंदाचे, म्हणजे एर्मेलिंदाबाईंचे, इंटरनेटचे दुकान आहे. तीन मोडक्या यंत्रांचे भाग जोडून तिनेच मला उभे केले आणि चौथ्या टेबलावर बसवले. माझा पंखा घरघरायचा, तरी यानिरा वाल्पा दुसरीकडे बसत नसे. सकाळी बाजारात चीज विकायची, दुपारी माझ्यासमोर खेळायची. नुसत्या पावलांच्या आवाजावरून शत्रू कुठल्या भिंतीआड आहे ते ती ओळखायची. लोक वाहवा करत, आणि माझाही ऊर भरून येई.

शहराच्या स्पर्धेला आठवडा उरला असताना तिच्याच संघातला ट्रकचालक रोलांदो माझ्यापाशी बसला. त्याने माझ्यात एक चोरटा प्रोग्रॅम घातला. तो खेळाच्या मेमरीत डोकावून भिंतीपलीकडची माणसे लाल रेघांनी दाखवायचा आणि बंदुकीचा नेम आपोआप त्यांच्या डोक्याकडे ओढायचा. मला तो नको होता, पण मला विचारतो कोण? मात्र खेळाचा पहारेकरी प्रोग्रॅमही माझ्यातच राहत होता. त्याने चोर ओळखला आणि कंपनीला कळवले. रोलांदोचे खाते बंद झाले. माझ्या भागांवरचे क्रमांक टिपून मलाही बंदी घातली. आणि माझ्यावरच खेळणारी म्हणून यानिराचेही खाते बंद!

"काय गं चीजवाले, आता कळलं तू कशी जिंकायचीस ते!" दुकानात कुणीतरी ओरडले.

रोलांदो तिच्या कानाशी लागला. "यंत्राचे नंबर बदलणारा प्रोग्रॅम आहे माझ्याकडे. नवीन खातं उघड. कुणाला पत्ताही लागायचा नाही."

"चोरी तू करायचीस आणि तोंड मी लपवायचं?" यानिरा कडाडली. "यंत्रावरची बंदी बरोबरच आहे. माझ्यावरची चूक आहे, आणि ती मी उठवूनच दाखवते. नीघ इथून!"

तिने कंपनीला लिहिले, 'माझे सगळे डाव तपासा.' खेळ प्रत्येक डावाची नोंद ठेवतो. तपासणाऱ्यांनी पाहिले, रोलांदोचा नेम भिंतीआडच्या माणसाला चिकटून फिरत होता. यानिराचा नेम मात्र थबकायचा, हुकायचा, कधी रिकाम्या कोपऱ्यावर गोळ्या उधळायचा. तिच्या चुकांनीच तिला वाचवले. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिचे खाते उघडले.

"याला मात्र भंगारात देते," माझ्याकडे पाहत दोन्या म्हणाली.

"खबरदार, दोन्या! चोर यातच पकडला गेलाय," यानिरा म्हणाली.

यानिरा सात नंबरच्या यंत्रावर बसून स्पर्धा खेळली. रोलांदो गेल्याने पाच जणांविरुद्ध चौघे, तरी उपांत्य फेरीपर्यंत गेले आणि तिथे हरले. तिने टेबलावर मूठ आपटली, पण मान खाली घातली नाही.

आता माझ्यावर लोक अर्ज टाइप करतात. मला कुणाची दया नको, मित्रांनो. मी काही खोट्या नंबराने परत खेळात शिरणार नाही. एवढेच सांगतो, यंत्रात काही घालण्याआधी विचार करा. तुम्ही उठून गेल्यावर त्याच खुर्चीत दुसरे कुणीतरी बसणार असते.