परसातली होडी

"मावशी, तुम्ही उतरा आता. एक माणूस जास्त होतंय," संयोगिता म्हणाली, आणि धोंडुबाई नवं इरकल सावरत होडीतून धरणाच्या काठावर उतरली. पुढच्या वेळी नक्की, असं हंबीररावांनी तिच्याकडे न बघताच सांगितलं.

कसबा बावड्यात हंबीररावांच्या घरी तिनं उमेदीची सगळी वर्षं चूल सांभाळली. मग सून आली, संयोगिता. तिनं नवा ओटा बांधला, ट्रॉल्या बसवल्या. पाटा-वरवंटा परसात गेला आणि त्याच्या मागोमाग धोंडुबाईही. हातात खराटा आला. चाळीस माणसांची पंगत उठवणारी बाई पाचोळा गोळा करू लागली.

तेवढ्यात मालकांना शिडाच्या होडीचा नाद लागला. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरंच. मुंबईहून जुनी होडी ट्रकवर चढून आली आणि धरण भरेपर्यंत परसात विटांवर बसून राहिली. तिच्या पोटात एवढंसं स्वयंपाकघर होतं.

"ह्ये तुझं," हंबीरराव म्हणाले. "नीट लाव. होडीवरचा सैपाक कायम तुज्याकडं."

गेलेलं राज्य परत मिळावं तशी ती कामाला लागली. बंद होडीला कुबट वास येत होता. तिनं कानाकोपऱ्यातली बुरशी खरवडली, सोडा आणि लिंबानं कप्पे घासले, गाद्यांना ऊन दाखवलं. मग घरातली मांडणी लावतात तशी फळी लावली. वर चिंचेनं घासलेले पितळी तांबे आणि पातेली, मध्ये लोणच्याच्या नि काकवीच्या काचेच्या बरण्या. हलकंसलकं तेवढं खाली. फळीच्या पुढ्यात एक आडवी पट्टी होती. तिच्यामागं भांड्यांची झळाळी झाकून जात होती, म्हणून ती पट्टीही तिनं काढून टाकली.

हंबीररावांनी आत डोकावून पाहिलं. "घरागत दिसतंय की," म्हणाले. त्या एका वाक्यावर धोंडुबाईचा सगळा पावसाळा सुखात गेला.

आणि आता ती काठावर उभी होती. शीड वर चढलं, वारा भरला, आणि होडी एका अंगावर कलली. होडीत बसलेल्या पुण्याच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. होडी अशी कलते हे धोंडुबाईला कुणी सांगितलंच नव्हतं. आतलं सगळं तिला इथून दिसत होतं. आधी तांबे जाणार, मग पातेली, मग बरण्या. ती दोन्ही हात वर करून हाका मारू लागली. म्हातारी निरोप देतेय असं वाटून पाहुण्यांनीही हात हलवले.

होडी परत आली तेव्हा एका पाहुण्याच्या पांढऱ्या विजारीवर लोणच्याचं तेल होतं आणि संयोगिताच्या कपाळावर टेंगूळ.

"बोट कलते एवढंही कळू नये, मावशी?"

"परसात ती कलत न्हवती, वैनीसाब," धोंडुबाई म्हणाली. "आन् पाण्यावर मला न्हेलं कवा तुमी?"

तिनं हंबीररावांकडे पाहिलं. घरागत दिसतंय असं म्हणणारा माणूस खाली मान घालून दोर गुंडाळत होता. त्यांनी एक शब्द काढला असता तरी पुरे होतं. पण थोरामोठ्यांचं कौतुक असंच असतं, अंगाशी आलं की त्यांना आठवत नाही.

"आतलं पुसून घे," शेवटी ते म्हणाले. "उद्यापास्नं परसाचंच बग तू."

सगळे जेवायला ढाब्यावर गेले. धोंडुबाई एकटीच होडीत उतरली. काचा वेचल्या, चेपलेली भांडी पाटीत भरली, फटीत मुरलेलं तेल फडक्यानं टिपलं. तेवढ्यात वारा सुटला आणि बांधलेली होडी जराशी कलली. तिचा हात चटकन वर गेला, भांडी सावरायला.

फळी रिकामी होती. तरी होडी सरळ होईपर्यंत तिनं ती धरून ठेवली.