गार्नेट ट्रेगेन्झाचे शनिवार

गार्नेट माझा धाकटा दीर. हिवाळ्यात फुटबॉल, उन्हाळ्यात क्रिकेट. मधल्या दिवसांत त्याला करमायचं नाही. आमच्या इकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू हाताने झेलतात, आणि गार्नेट तो उंच उडून, समोरच्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून झेलायचा. त्याचा खेळ बघायला आमच्या बेंडिगो गावातली माणसं सोन्याच्या खाणीतली पाळी बदलून घ्यायची.

मेलबर्नच्या एका क्लबाने त्याला नेलं. दोन हिवाळे तो तिकडे खेळला. तिसऱ्याच्या तोंडावर माझा नवरा हेडली खाणीत दरड कोसळून गेला. माझ्या पदरात दोन मुली. गार्नेट मातीला आला आणि परत गेलाच नाही.

क्लबचे सेक्रेटरी त्याला न्यायला आले. माझ्या स्वयंपाकघरात चहा घेत म्हणाले, "अहो ट्रेगेन्झा, तुमच्यासारखी झेप आमच्याकडे दुसऱ्या कुणाची नाही."

"खाणीत झेप घ्यायला जागा नसते, साहेब," तो म्हणाला. "पण घरची चूल पेटते."

ते गेल्यावर मी भांडले. "आमचं आम्ही बघू. मी लोकांचे कपडे धुईन, इस्त्री करीन. तू जा."

"तुझी इस्त्री बघितलीय मी, लॅव्ही. गिऱ्हाईक एकदाच येईल."

हेडली गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले. तिथेच हरले.

तो हेडलीच्याच पाळीवर उतरला. शनिवारी गावच्या संघाकडून खेळायचा. काही वर्षांत खोकला लागला. दगडाच्या धुळीचा तो खोकला आमच्याकडे भिंतीपलीकडूनही ओळखू येतो. नाव कुणी घेत नाही. एका सामन्यात तो चेंडूमागे धावला आणि मध्येच गुडघ्यांवर हात टेकून थांबला. चेंडू डोक्यावरून गेला.

"ट्रेगेन्झा, शिडी देऊ का?" कुंपणापासून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. तो सरळ उभा राहीना, तेव्हा त्यांना कळलं.

फुटबॉल सुटला. क्रिकेटमध्ये आधी तो वेगात चेंडू टाकायचा, मग हळू, मग नुसता स्लिपमध्ये उभा राहायचा. शेवटच्या उन्हाळ्यात थोरली पर्ल त्याला हाताला धरून सामना बघायला न्यायची.

तो अंथरुणाला खिळल्यावर मी एकदा विचारलंच, "पस्तावलास का रे?"

बराच वेळ तो श्वास जमवत राहिला. "हो," म्हणाला. "दर शनिवारी." मग माझ्याकडे बघून, "सोमवारी नाही. सोमवारी मुली शाळेत जाताना दिसायच्या."

मी त्याची उशी जरा उंच केली. तसं त्याला बरं वाटायचं.

तो वसंतात गेला. मेलबर्नहून कुणी आलं नाही. त्यांना कळवणं माझ्याच्याने झालं नाही. पर्ल आता शाळेत शिकवते, धाकटी आयव्ही कापडाच्या दुकानात आहे. मैदानावरच्या नव्या पोरांना मी कधी गार्नेटबद्दल सांगू लागले, की ती म्हणतात, "हो आजी, आमचे काकाही उंच उडायचे."