मांजरसुंब्यापर्यंतचा परदेश दौरा

सिद्धाराम छातीभर पाण्यात उभा होता. डोळ्यांवर मळणीयंत्रावर लावतात तो चष्मा, तोंडात फवारणी पंपाची नळी. नीलम्मा होडीत बसून नवऱ्याकडे बघत होती. मांडीवर रिळाचा कॅमेरा होता आणि त्याला हात लावायची तिची इच्छा नव्हती.

"नवी कोरी हाय," नळी काढून सिद्धाराम म्हणाला. "गहिनीनाथनं पुडकं आत्ता फोडलंय. औषध लागलेलं न्हाई."

"मी विचारलं का?"

सिद्धारामचं अंबाजोगाईला शेतीच्या औषधांचं दुकान. त्या वर्षी कंपन्यांनी दुकानदारांना परदेश दाखवायचा सपाटा लावला होता. कोणी सिंगापूरला गेलं, कोणी बँकॉकला. सिद्धारामच्या वाट्याला मॉरिशस आलं, तेही जोडीनं. कंपनीच्या रंगीत पुस्तिकेतलं एक पान त्याला पाठ होतं. कॅटमरान म्हणजे जोडहोडी, ती अर्धा दिवस फक्त आपल्या मंडळींसाठी. बेटाजवळ थांबायचं आणि तोंडात नळी धरून पाण्याखालचे मासे बघायचे. त्याला स्नॉर्केलिंग म्हणतात, असं तो गिऱ्हाइकांना कापसाच्या औषधाबरोबर समजावून सांगायचा.

मोंढ्यात व्यापाऱ्यांनी सत्कार केला. फेटा, शाल, नारळ. पेपरात दोघांचा फोटो आला, 'परदेश दौऱ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा', आणि खाली शुभेच्छुकांची नावं. त्यातली निम्मी सिद्धारामनं स्वतःच घातली होती. शेजारच्या सरस्वतीबाईंनी गल्लीतल्या बायका जमवून नीलम्माची ओटी भरली. निघताना जीपलाही हार घातला.

बीडच्या अलीकडे मांजरसुंब्याला जीप चहासाठी थांबली. सिद्धारामनं एसटीडी बूथवरून कंपनीच्या हापिसात फोन लावला, मुंबईत कुठं उतरायचं ते विचारायला. तिकडून कळलं, औषधानं बोंडअळी मेली नाही, माल परत यायला लागला, योजना गुंडाळली. बाहेर येऊन तो ड्रायव्हरला म्हणाला, "इथून कंपनीची गाडी येणार हाय. तू जा माघारी." जीप दिसेनाशी झाल्यावर त्यानं बायकोला खरं सांगितलं.

"मग घरी चला," ती म्हणाली.

"कोणत्या तोंडानं?"

ते एसटीनं माजलगावला आले. धरणाच्या पाण्याला लागून सिद्धारामच्या वसतिगृहातल्या दोस्ताचं, गहिनीनाथचं, शेत होतं. सहलीचे दिवस सरेपर्यंत तिथल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, दडून राहायचं ठरलं. ठरलं म्हणजे सिद्धारामनं ठरवलं. पत्र्याच्या खोलीत दिवसभर घामानं निथळत नीलम्मानं तेही सोसलं. मग त्याच्या डोक्यात फोटो शिरला. पुरावा पाहिजे म्हणे. त्यानं मासेमारीच्या दोन होड्या शेजारी शेजारी बांबूंनी बांधून घेतल्या, वर फळ्या टाकल्या आणि झाली कॅटमरान.

वल्ह्यावर गहिनीनाथ होता. "बे सिद्धाराम, फोटोत मागं ऊस यायलाय."

"येऊ दे. मॉरिशसला बी ऊसच असतोय. पुस्तिकेत लिहिलंय."

"मग लोकं तिकडं जातेत कावून?"

सिद्धारामनं नळी तोंडात धरली, बायकोला खूण केली आणि डोकं पाण्यात घातलं.

नीलम्मानं कॅमेरा उचलला आणि परत खाली ठेवला. दडून बसणं वेगळं होतं, ते चार दिवसांत संपलं असतं. फोटो एकदा भिंतीवर लागला की उतरणार नव्हता. सरस्वतीबाई विचारणार, पाणी कसं होतं, मासे कोणत्या रंगाचे होते. मग व्याही विचारणार, सुना विचारणार. नवरा एक रंग सांगणार, आपण दुसरा. रोज सकाळी लिंगपूजा करायची आणि जन्मभर त्या माशांचे रंग सांभाळत बसायचं, हे तिला झेपणारं नव्हतं.

तेवढ्यात पलीकडच्या गावाहून एक होडी आली. तीत बांगड्यांची टोपली सांभाळत वत्सलाबाई कासारीण बसली होती, लग्नघरी चुडा भरून निघालेली. अंबाजोगाईत तिची ये-जा नाही असं घर नव्हतं.

"अगं बाई, नीलम्माबाई? तुमी तर परदेशी गेलत्या ना?"

गहिनीनाथ जोरात खोकला. 'जायचंय पुढल्या आठवड्यात', एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते वाक्य नीलम्माच्या ओठांवरही आलं होतं.

"मांजरसुंब्यापर्यंत गेलतो," ती म्हणाली. "तिथं कळलं, सहल रद्द झाली. लाजंपायी हितं दडून बसलोत."

"आन् पाण्यात कोन हाय?"

"आमचे हेच."

"काय करायलेत?"

"मासे बघायलेत."

वत्सलाबाईनं पाण्यावर आलेली सिद्धारामची पाठ आणि हलणारी नळी नीट बघून घेतली. "दिसले का?"

"वर आले की विचारते."

"मी उद्या अंबाजोगाईला जायले. काही निरोप?"

"हाच सांगा. घरोघरी सांगा, म्हंजे मला सांगावं लागायचं न्हाई."

होडी बरीच पुढं गेल्यावर सिद्धाराम धापा टाकत वर आला. "काढला?"

"न्हाई."

"कोण गेलं आत्ता?"

"वत्सलाबाई. मी सगळं सांगितलं तिला."

चष्म्याच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. तो बायकोवर ओरडणार होता, पण तिचं तोंड बघून दोस्ताकडे वळला. "तू काय करत होता बे?"

"खोकत होतो."

"आता मोंढ्यात जाऊ कसा मी?"

"पायानं," नीलम्मा म्हणाली. "उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं."

त्यानं लांब गेलेल्या होडीकडे पाहिलं. वत्सलाबाई तिकडून हात हलवत होती. काय करावं न सुचून त्यानंही हलवला.

नीलम्मानं पदर कमरेला खोचला, फळीवर पालथी झाली आणि हात पुढं केला.

"तो चष्मा आणा इकडं."

"कावून?"

"आता फोटोबिटो न्हाई. मला बघायचंय."

त्यानं चष्मा काढून दिला, पाठोपाठ नळीही पुढं केली.

"आधी धुवून द्या," ती म्हणाली.