पाचवा पिक्चर

गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता यादी आली. पाच पिक्चर, पाच ओळी. त्यातली चार नावं पंधरा दिवस चर्चेत होतीच: ‘लोहे का शहर’, ‘मंगल का कैदी’, ‘आखरी उपग्रह’, ‘उलटी घडी’. पाचव्या ओळीत एकच शब्द होता. बॉडी.

विनोद मेश्रामनं पवनीच्या बसस्टँडजवळच्या आपल्या फोटो स्टुडिओत तो शब्द वाचला आणि फोन काउंटरवर पालथा ठेवला. रात्रभर लग्नाचं शूटिंग करून तो पहाटे परतला होता. डोळे चुरचुरत होते. थोड्या वेळानं त्यानं फोन उचलून पुन्हा वाचला. शब्द तोच होता.

यादी काढणारं मंडळ भंडाऱ्याचं. दर वर्षी फेब्रुवारीत, विज्ञान दिनाच्या आसपासच्या शनिवारी, ते लग्नाचा एक हॉल घेतं आणि संध्याकाळपासून उजाडेपर्यंत हिंदीत डब केलेले विज्ञानपट दाखवतं. रात्र जागून नाटक पाहणाऱ्या मुलखात याचं कोणाला नवल वाटलं नाही. तुमसर, लाखनी, पवनीचे शौकीन मोटारसायकलींवर येतात, सोबत ब्लँकेट आणतात. पहिल्या वर्षी सकाळी टाळ्या वाजल्या होत्या. आता तिसऱ्या पिक्चरला अर्धा हॉल खुर्च्यांवर मान टाकून झोपलेला असतो, प्रोजेक्टर दोनदा तरी बंद पडतो, आणि वेळा पाळल्या जात नाहीत म्हणून मंडळानं यादीत वेळा देणंच सोडलं आहे. तरी यादीच्या आधीचे पंधरा दिवस फोनवरचा ग्रुप जागा होतो. काय लागणार, काय कापणार, मागच्या वर्षी कोणामुळे वाट लागली, यावर भांडणं होतात.

यंदा भांडण पाचव्या नावाचं होतं. यादी येताच ग्रुपवर पहिला निरोप पडला : “आली रे आली! सहा वर्षं मागून राहिलो होतो.”

लिहिणाऱ्याला ‘नऊ नंबर की बॉडी’ म्हणायचं होतं. शवागारातलं एक प्रेत दुसऱ्या ग्रहावरचं निघतं, असा तो जुना पिक्चर. केबलवर एकदाच लागला होता, अर्ध्यातच लाइट गेली होती, आणि तेव्हापासून सगळे त्याला नुसतं ‘बॉडी’ म्हणत आले होते.

विनोदनं स्वतः काढून मंडळाला पाठवलेल्या पिक्चरचं नाव होतं ‘बोडी’.

शेताच्या वरच्या अंगाला बांध घालून धानासाठी पाणी अडवतात, ती बोडी. तलावाहून लहान, एका-दोघांच्या मालकीची. विनोदच्या बावीस मिनिटांच्या पिक्चरमध्ये अशाच एका बोडीचं पाणी रातोरात नाहीसं होतं आणि तळाच्या चिखलात एक यान रुतलेलं दिसतं. राखणदाराला ते यान आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. कोणीतरी चोरून मोटर बसवली असं समजून तो त्याच्याशी भांडत राहतो. “येथी मोटर लावाले कोनाले इचारलं बे?” हे त्याचं पहिलं वाक्य.

राखणदाराचं काम केलं होतं भैयाजी कापगते यांनी. झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांची हयात खलनायक करण्यात गेली. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या दिवसांत गावोगाव, मंडपाखाली, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा, हे काम. त्यातलं काहीही कुठे टिपलेलं नाही. कॅमेऱ्यासमोर ते एकदाच उभे राहिले, विनोदच्या.

दिवाळीनंतर त्यांच्या जबड्यात गाठ निघाली. तंबाखू-सुपारीचा खर्रा नाटकाच्या पहिल्या वर्षापासून तोंडात होता. नागपूरच्या दवाखान्यानं सोमवारची शस्त्रक्रिया दिली होती आणि शुक्रवारी दुपारी चारच्या आत भरती व्हायला सांगितलं होतं. चारनंतर खाट दुसऱ्याला जाईल, पुढची तारीख एप्रिलमध्ये. गाठ एप्रिलपर्यंत थांबणार नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. खालचा अर्धा जबडा आणि जिभेचा काही भाग जाणार होता. नंतर बोलणं किती उरेल, यावर त्यांनी हात वर केले होते.

मंडळाची एक रीत आहे. पिक्चर जिल्ह्यातला असेल तर तो संपल्यावर नटानं पडद्यापुढे येऊन दोन शब्द बोलायचे. भैयाजींना ते दोन शब्द हवे होते. पिक्चर यादीत असला तर शनिवारची रात्र भंडाऱ्यात, नसला तर शुक्रवारी मुकाट नागपूर. असं त्यांनी घरात जाहीर केलं होतं. विनोदनं स्टुडिओतल्या लॅपटॉपवर दहा माणसं बोलावून दाखवतो म्हटलं, तर ते म्हणाले, “त्याच्यात टाळी कुठून येईल बाबू?”

मधल्या सुट्टीत रश्मी खोब्रागडेचा फोन आला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि ग्रुपमध्ये यादीचा अंदाज बांधण्यात तिचा हात कोणी धरत नाही.

“विनोदभाऊ, अभिनंदन करू का थांबू?”

“थांबा.”

“मंडळाले पिक्चर पाठवला तेव्हा इंग्रजीत नाव कसं लिहिलं होतं?”

“बी, ओ, डी, वाय.”

“वाय? वाय कायले लावला? आय लागते न तिथं.”

“आमच्या गावच्या बोडीच्या पाटीवर वायच आहे ताई. लहानपणापासून तेच पाहून राहिलो.”

रश्मी म्हणाली, “मंडळाचे सचिव पुण्याहून बदलून आलेले. त्यांना बोडी कुठून माहीत? वाय दिसला की ते बॉडीच वाचणार.”

“म्हणजे आपलाच लागला?”

“तसंबी होऊ शकते. अन् नऊ नंबरवालाबी असू शकते. त्यांनी तुमचा पिक्चर उघडून पाहिला असता तर नाव मराठीत दिसलं असतं.”

“पाहिला का?”

“ते मले काय माहीत भाऊ? पोरांचा गोंगाट होऊन राहिला, ठेवते.”

सचिवांचा फोन बंद होता. ते डब केलेल्या प्रती आणायला मुंबईला गेले होते. यादी ग्रुपवर टाकणारा चंद्रकुमार तुमसरच्या एका राइस मिलमध्ये हिशेबनीस. मागं यंत्राचा आवाज चालू असल्यानं तो ओरडूनच बोलत होता.

“सरांनी फोनवर सांगतलं, मी टाइप केलं! माहा काय दोष?”

“दोष कोण देऊन राहिला? ते नक्की काय बोलले तेवढं सांग.”

“बोलले, पाचवी बॉडी टाक, बॉडी मिळाली.”

“मिळाला म्हणाले का मिळाली?”

“मिळाली.”

“मग बोडीच! पिक्चर असता तर मिळाला म्हणाले असते.”

“अबे, बॉडीबी मिळालीच म्हणते न लोक! पेपरात वाचत नाई का? नदीत बॉडी मिळाली, नाल्यात बॉडी मिळाली.”

“तूच बोडीची बॉडी ऐकली असशील.”

“मी तुमसरचा आहो! मले बोडी समजत नाई का? सर बॉडीच बोल्ले.” मग आवाज थोडा खाली आला. “भैयाजीले उद्याच जावं लागते का?”

“उद्या चारच्या आत.”

“सर उद्या दुपारच्या गाडीनं नागपूरले उतरतेत. फोन लावत राहतो.”

संध्याकाळी विनोद भैयाजींच्या गावी गेला. रुखमिणीबाई अंगणात बाजेवर पिशवी भरत होत्या: दोन लुगडी, धोतरं, टॉवेल, स्टीलचा डबा. भैयाजी खुर्चीत बसले होते, गालाला मफलर गुंडाळून. विनोदनं यादी दाखवली, वायची गोष्ट सांगितली, चंद्रकुमारचं बोलणं सांगितलं. काही लपवलं नाही.

“बॉडी?” रुखमिणीबाई म्हणाल्या. “आमच्या काळात बाया पोलक्याच्या आत घालत, ते बॉडी. तेच नाव सापडलं का तुमाले?”

“मावशी, आमचं नाव बोडीच आहे. त्यांनी—”

“अन् दवाखान्यात मेल्या मानसाले बॉडी म्हनते. मी मागच्या खेपेला ऐकलं. ‘बॉडी घ्याले या,’ म्हने. ज्याची बायको होती ते उभ्या जागी खालीच बसली.” त्यांनी पिशवीची चेन ओढली. ती अडकली. “उद्या जाचं आहे. बाबूलालची गाडी सांगून ठेवली. बास.”

भैयाजी हसले. आता त्यांचं तोंड पुरतं उघडत नसे, त्यामुळे हसू एका बाजूलाच राहायचं. “हे बाई नाटकाच्या टायमालेबी असंच करे. तिसरी घंटा झाली का हिचं भात झाला म्हनून बोलावणं.”

“भात खाऊनच उभे राहत होते न स्टेजवर? का हवेवर?”

“भैयाजी,” विनोद म्हणाला, “तुमी जा उद्या. आपला पिक्चर असला तर पुढच्या वर्षी पुन्हा लावू. मी मंडळाले सांगतो.”

“पुढच्या वर्षी बोलन कोन? तू?” ते थांबले, घोट गिळला, त्याला वेळ लागला. “मले पक्कं सांग. आहे म्हनलास त थांबतो. नाई म्हनलास त जातो. हे आहे-बी-नाई-बी घेऊन मी खाटेवर कसा झोपू?”

आहे म्हणावं तर खाट जाणार, नाही म्हणावं तर ते खोटं ठरू शकत होतं. विनोद म्हणाला, “उद्या दुपारपर्यंत कळते.”

“मंग भंडाऱ्यावरून जाऊ,” भैयाजी म्हणाले. “उमरेडच्या जवळच्या रस्त्यानं नको.”

रुखमिणीबाईंनी चेन सोडून दिली आणि पिशवीचं तोंड सुतळीनं बांधलं. नाही म्हणाल्या नाहीत. वाद घालायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं, किंवा भंडाऱ्यावरून गेलं तरी चारच्या आत पोचता येतं, एवढा हिशेब त्यांनी मनात केला होता.

शुक्रवारी ते बाराच्या सुमारास भंडाऱ्यात पोचले. बाबूलाल गाडी चालवत होता, विनोद पुढं बसला होता. हॉलचं फाटक उघडं होतं. आत मंडपवाल्यांची दोन माणसं खिडक्यांना काळं कापड लावत होती. फ्लेक्स आला नव्हता. कोणते पिक्चर आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

भैयाजी आत गेले. पडदा लागला होता, पांढरा, एका कोपऱ्यात सुरकुतलेला. त्याच्यासमोर ते उभे राहिले आणि हॉलकडे तोंड करून एकदा “हं” असा आवाज काढला. खिडकीवरच्या माणसानं वळून पाहिलं.

“काय पाहिजे काका?”

“काई नाई. पोचते का पाहून राहिलो.”

“काय?”

भैयाजींनी त्याला हात केला आणि ते बाहेर आले. ते गाडीत बसले आणि गाडी नागपूरच्या रस्त्याला लागली.

शहापूरला हायवेच्या कडेला बाबूलालनं चहासाठी गाडी थांबवली. इथून नागपूर दीड तास, शहरातल्या गर्दीत थोडं जास्त. दोनच्या पुढं निघालं तर जबाबदारी आपली नाही, असं त्यानं सांगितलं. रुखमिणीबाईंनी भैयाजींचा चहा बशीत ओतून फुंकून दिला. ते वाकडी मान करून पीत होते, निम्मा मफलरवर सांडत होता. त्या पदरानं पुसत होत्या, त्याच हातानं, त्याच वेगानं, जणू रोजचंच.

ग्रुपवर सकाळपासून ‘नऊ नंबर’चीच चर्चा होती. लाइट गेली तिथपासून पुढं काय झालं असेल, यावर पैजा लागल्या होत्या. रश्मीनं एकदा लिहिलं की पाचवा पिक्चर आपल्या जिल्ह्यातला असण्याची शक्यता आहे. खाली कोणीतरी जांभई देणारा चेहरा टाकला.

फोनची वाट पाहत तिथंच तासभर गेला. दोनला थोडं कमी असताना चंद्रकुमारचा फोन आला. विनोदनं आवाज मोठा करून फोन गाडीच्या टपावर ठेवला. भैयाजी जवळ आले.

“लागला! सरांचा फोन लागला एकदा,” चंद्रकुमार म्हणाला. मिलचं यंत्र आज बंद होतं. “दुसऱ्याच मानसानं उचलला. शेजारच्या बर्थवरचा कोनी. म्हने, साहेब वरच्या बर्थवर झोपले आहेत, रात्रभर बसून आले. मी म्हनलं उठवा, लय अर्जंट आहे. तो म्हने, बरं. सरांचा आवाजबी आला, ‘कोन आहे?’ म्हनून. अन् तेवढ्यात लाइन गेली.”

“मग?”

“मग काय. वर्ध्याच्या अलीकडं आहे गाडी, लेट आहे. लावून राहिलो. लागत नाई.”

“कॉपीबद्दल काही?”

“काल रात्री मेसेज होता, पाचव्याची कॉपी जवळ आहे म्हनून. कोनता पाचवा इचारलं, त जवाब नाई. तुमी पेन ड्राइव्ह दिला होता न त्यांना?”

“दिला होता.”

“मग तोबी असन. नाई त मुंबईची.”

फोन बंद झाला. बाबूलाल स्टिअरिंगवर बसला आणि त्यानं इंजिन सुरू केलं. रुखमिणीबाई मागच्या सीटवर सरकून बसल्या आणि शेजारची जागा हातानं झटकली. विनोदनं सचिवांचा नंबर पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

“भैयाजी,” तो म्हणाला.

भैयाजींनी गाडीच्या दाराला हात लावला होता. दार उघडं होतं. ते अजून बसले नव्हते.