हौसा पहिलीत बसली

माझी बायको हौसा बहात्तराव्या वर्षी पहिलीत बसली आणि दिवाळीपर्यंत तिला दुधाचे दात आले.

आमच्या गावात शाळा आहे, पोर एकही नाही. सगळी म्हातारी खोडं. मोठे साहेब आले, ग्रामपंचायतीत पंखा लावून बसले आणि म्हणाले, "कमावणारा एक आणि खाणारे सात, असं किती दिवस चालायचं? घरटी एकानं पहिलीत बसायचं. पुन्हा मोठं व्हायचं, नोकरी धरायची. नाहीतर पेन्शन बंद." मी जन्मभर विजेच्या खांबांवर चढलो, गुडघ्यांची पार वाट लागलेली. हौसाच म्हणाली, "तुमचे पाय कुठं मावणार बाकात? मी बसते." दुसऱ्या सोमवारपासून ती जायला लागली.

मोहिते बाई शिकवतील तसं हौसाचं वय उतरायचं. बाराखडी झाली आणि केस काळे झाले. बेरीज आली आणि पाठीचा बाक गेला. खोटं कशाला बोलू, मी जाम खूश होतो. तरणीताठी बायको घरात गुणगुणत भाकरी थापत होती! पण गाडी थांबायचं नाव घेईना. वजाबाकी आली आणि ती ओट्याला पुरेना. मग पाढे सुरू झाले, तशी आमची माणसं तिच्या डोक्यातून जायला लागली. आधी माझ्या बहिणी गेल्या, त्याचं तिला काही वाईट वाटलं नसतं. मग आमचा सुहास गेला. ऐन पंचविशीत वारलेला आमचा एकुलता एक मुलगा. त्याच्या फोटोकडं बोट करून म्हणाली, "हा दादा कोण?"

सकाळी मी शाळेत गेलो आणि तिच्या शेजारी बाकात घुसलो.

"मलाही शिकवा," मी म्हणालो.

"आजोबा, उठा बघू," मोहिते बाई म्हणाल्या. "सगळेच लहान झाले तर पेन्शन द्यायची कुणाला?"

"खड्ड्यात घाला तुमची पेन्शन. मला नको."

"असं कसं? ती त्यासाठीच तर शिकतेय."

हौसानं पाटीवरून मान वर केली नाही. मी ओरडून पाढे म्हणायला लागलो. बेचा, तीनचा, पार तिसापर्यंत. घसा बसला, पण हातावरची एक सुरकुती हलली नाही. फळा माझ्याकडं बघतही नव्हता.

शनिवारी शहरातून एक जोडपं हौसाला दत्तक न्यायला मोटारीनं आलं. मूलबाळ नसलेलं, कमावतं. मंगळसूत्र हौसाच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होतं. मोहिते बाईंनी ते तिच्या गळ्यातून काढलं आणि माझ्या हातात दिलं. "लहान मुलीला बरं दिसत नाही."

"अहो, मी जिवंत आहे अजून!" मी म्हणालो. "माझ्याकडंच राहू दे की तिला. मी वाढवतो. वेण्या घालतो, डबा करून देतो."

"म्हाताऱ्याकडं पोर ठेवत नाहीत. त्याचं करण्यातच पोराचा जन्म जातो."

"आणि ही कमावती कधी होणार?"

"वीस वर्षांनी."

"तोवर मी काय करू?"

"जगायचं, आजोबा," मोहिते बाई म्हणाल्या. "एवढं तिला शिकवतोय, ते वाया घालवू नका."

मी हौसाला हाक मारली. लग्नानंतर चारचौघांत तिला कधी नावानं हाक मारली नव्हती, आता गाव गोळा होईल अशी मारली. ती न्यायला आलेल्या त्या बाईच्या मागं लपली. मग त्यांनी तिला मोटारीत बसवलं आणि काच खाली केली.

"टाटा कर आजोबांना," ती बाई म्हणाली.

हौसानं मला नीट बघितलं. "कुणाचे आजोबा?"

"कुणाचेच नाहीत. कर टाटा."

हौसानं दोन्ही हात हलवले.