सिस्टर एल्सम्मांची मराठी

पाचवीला बाबांनी मला देवळीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून काढलं आणि वर्ध्याच्या कॉन्व्हेंटमध्ये घातलं. साल १९९४. बाबा बी.ए. होते, पण तिन्ही वर्षं इंग्रजीच्या पेपरात जेमतेम काठावर पास झालेले. आपल्या पोरीवर ती पाळी येऊ द्यायची नाही, हे त्यांनी माझ्या बारशालाच ठरवलं असावं.

शाळा पिपरी मेघेच्या बाजूला होती. तेव्हा तिथे आजच्यासारखी वस्ती नव्हती. शाळेच्या तारेच्या कुंपणापलीकडे तुरीचं वावर होतं आणि मधल्या सुट्टीत आम्ही तारेतून हात घालून ओल्या शेंगा तोडायचो. एका टोकाला सिस्टर लोकांचं राहतं घर, मधे छोटं चर्च, आणि चर्चसमोर निळा पदर घेतलेली मेरीमाता. तिच्या पायाशी कोणी ना कोणी झेंडू ठेवलेला असायचा. रोज सकाळी प्रार्थनेला सगळ्या पोरी डोळे मिटायच्या. मला ती इंग्रजी प्रार्थना येत नव्हती, म्हणून मी मनात गणपतीचं स्तोत्र म्हणून घ्यायची आणि सगळ्यांसोबत मोठ्याने ‘आमेन’ म्हणायची.

शाळेत मराठी बोलायला बंदी होती. बोललं की मॉनिटर फळ्यावर नाव लिहायची. त्यामुळे पहिलं वर्षभर मी जवळजवळ गप्पच होते. मराठीचा एक तास तेवढा आमचा, पण तिथेही सुटका नव्हती. मराठी शिकवणाऱ्या कमला टीचर मूळच्या पुण्याच्या. मी तोंड उघडलं की त्या खडू खाली ठेवायच्या.

“‘मले’ नाही मोहिनी, ‘मला’. ‘शाया’ नाही, ‘शाळा’. जीभ टाळूला लाव बघू.”

त्या रागावून नाही, अगदी प्रेमाने सांगायच्या. पण वर्ग हसायचा. म्हणजे इंग्रजी येत नाही ते नाहीच, आणि मराठीही आपली खोटी, असं मला वाटायला लागलं.

सहावीत गेले त्या जूनमध्ये सिस्टर एल्सम्मा आल्या. केरळच्या. वय असेल चोवीस-पंचवीस. सायन्स शिकवायला आलेल्या. मराठीचा एक शब्द येत नव्हता आणि हिंदीही तोडकीमोडकी. पण त्यांना वर्गात बसवत नसे. पाठ पानांचा असला की आम्हाला घेऊन कुंपणापाशी जायच्या, पाठ मुळांचा असला की गवत उपटायला लावायच्या. एकदा त्यांनी प्रत्येकीला घरून कुठलंही बी आणायला सांगितलं. शहरातल्या पोरींनी मूग, चवळी आणली. मी मूठभर सरकी नेली. कापसाचं ते केसाळ बी सिस्टरनी तळहातावर घेतलं आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. त्यांच्याकडे रबर, मिरी, नारळ. कापूस त्यांनी फक्त उशीत पाहिलेला.

“मराठीत या झाडाला काय म्हणतात?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“पऱ्हाटी,” मी म्हणाले.

त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि गोल गोल मल्याळी अक्षरांत तो शब्द लिहून घेतला. माझ्या तोंडचा शब्द कोणी दुरुस्त न करता लिहून घेतला, असं शाळेत पहिल्यांदाच घडलं.

शाळा चारला सुटायची. देवळीच्या बससाठी आम्हाला स्टँडवर सोडणारा रूपरावचा ऑटो दुसऱ्या शाळेची पोरं सोडून पाचला यायचा. तो तासभर मी पायरीवर बसून असायची. एक दिवस सिस्टर माझ्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, “तू मला मराठी दे, मी तुला इंग्रजी देते. अर्धा तास तुझा, अर्धा माझा. पण कोणाला सांगायचं नाही. गॅदरिंगला मी पालकांशी मराठीत बोलणार. सगळ्यांना सरप्राइज.”

आमचे तास सुरू झाले. त्या मला इंग्रजीत प्रश्न विचारायच्या, मी चुकत चुकत उत्तरं द्यायची, आणि फळ्यावर नाव जायची भीती नव्हती. मग माझी पाळी. मी त्यांना शिकवलं ते आमच्या घरचं बोलणं. मले, तुले, काऊन, जाऊन राह्यली, येजो. सिस्टर भराभर उचलायच्या. महिन्याभरात त्या मला विचारू लागल्या, “मोहिनी, आज डब्बा काऊन नाई खाल्ला वो?” आणि मला हसू आवरायचं नाही.

एकदा त्यांनी फळ्यावरचा ‘शाळा’ हा शब्द दाखवला. “इथे तर ळ आहे. आमच्या भाषेतही आहे. मला म्हणता येतो. तू ‘शाया’ का म्हणतेस?”

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. कमला टीचरची मराठी वेगळी आणि आमच्या घरची वेगळी, एवढं वाक्य मला इंग्रजीतसुद्धा जमलं असतं. पण ते सांगितलं असतं तर सिस्टर उठून कमला टीचरकडे गेल्या असत्या. अख्ख्या शाळेत माझ्यासारखं बोलणारं एकच माणूस होतं आणि ते मीच तयार केलं होतं. मी म्हणाले, “सिस्टर, तसं नुसतं लिहितात. बोलत कोणी नाही.”

त्यांनी विश्वास ठेवला.

डिसेंबरात गॅदरिंग आणि त्याच दिवशी विज्ञान प्रदर्शन. आमच्या वर्गाचा प्रयोग सरकीचाच होता. तीन बरण्या. एकीत आमच्या वावरातली काळी माती, एकीत धाम नदीची वाळू, एकीत मुरूम. प्रत्येकीत दहा-दहा बिया. काळ्या मातीत दोन कोंब आले, बाकी दोन बरण्यांत काहीच नाही. आचलने सुंदर अक्षरात तक्ता लिहिला की कापसाचं बी फक्त काळ्या मातीतच उगवतं. माहिती सांगायला मी उभी राहणार होते. नाटक आटोपलं की पाहुणे आणि पालक बरण्या बघायला येणार होते.

मांडवात पुढच्या खुर्च्यांवर डॉक्टर, प्रोफेसर, शिक्षण खात्याचे साहेब. गावाकडून आलेले आईबाप नेहमीप्रमाणे मागे, भिंतीला टेकून. आमच्या घरून बाबा आले होते. आजोबा आले नव्हते. गावभर त्यांना नानाजी म्हणत, म्हणून आम्हीही नानाजीच म्हणायचो. “तठी सारं इंग्रजीत राह्यते, मी काय करू येऊन?” एवढंच ते म्हणाले होते.

सिस्टर माइकपाशी आल्या. पांढऱ्या झग्याच्या बाह्या ओढल्या आणि सुरुवात केली.

“नमस्कार जी. मी सिस्टर एल्सम्मा. तुमच्या पोट्ट्या लय हुशार हायेत. मले त्याईनं लय शिकवलं. पण तुमी मायबाप लोक शायेत येत नाई. काऊन येत नाई? आज बी मांगंच बसून राह्यले. समोर या नं बाप्पा!”

क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग पुढच्या रांगांत हशा फुटला. साहेब रुमाल तोंडाला लावून हसत होते. मागे कोणीतरी शिट्टी मारली. सिस्टरचं पुढचं वाक्य बाकी होतं, ते तसंच राहिलं. त्या हसणाऱ्यांकडे बघत होत्या आणि मग त्यांनी पडद्याआड उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. माझ्या शेजारी कमला टीचर उभ्या होत्या. “अगं बाई, हे कोणी शिकवलं हिला?” त्या पुटपुटल्या.

मी पळाले. बरण्या तशाच टाकून गेटबाहेर जाऊन उभी राहिले आणि बाबा आले तेव्हा पोट दुखतं म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पोट दुखतच राहिलं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी दुपारी अंगणात गलका ऐकू आला. बघते तर दहा-बारा पोरं पुढे आणि मागून सिस्टर. एकट्या एसटीने आल्या होत्या. देवळीच्या स्टँडवर उतरून त्यांनी पानठेल्यावर विचारलं होतं, “मोहिनीचं घर कोठी हाय जी?” त्यानंतर त्यांना घर शोधावं लागलंच नाही.

नानाजींनी बाज झटकून दिली. आईने चहा ठेवला. मी दाराआड उभी. सिस्टरनी मला हाक मारली आणि इंग्रजीत, हळू आवाजात विचारलं, “तुला माहीत होतं?”

मी मानेनेच हो म्हटलं. रडू फुटलं. जे पायरीवर सांगायचं होतं ते तेव्हा सांगितलं. अर्धं इंग्रजीत, अर्धं आमच्या बोलीत.

“मी त्या रात्री खूप रडले, मोहिनी,” सिस्टर म्हणाल्या. “हसले म्हणून नाही. तू मला फसवलंस असं वाटलं म्हणून.”

नानाजींना इंग्रजी कळलं नाही, पण बाकी सगळं कळलं. “काय झालं वो सिस्टरबाई? पोरीनं काई चुकीचं शिकवलं काय?”

मग सिस्टरनीच त्यांना सगळी हकिकत सांगितली, आमच्याच बोलीत, अडखळत. नानाजी लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, “तुमी जे बोलल्या ते आमाले सारं समजलं असतं. मी तठी असतो तं पह्यला उठून समोर आलो असतो.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पण तुह्यं चुकलं, पोरी. त्याईनं इचारलं तवा सांगाले पायजे होतं. माफी माग.”

मी माफी मागितली. सिस्टरनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “सोमवारी ये. तुझ्या बरण्यांपाशी कोणीच नव्हतं. लोक बघून परत गेले.” उठता उठता त्यांनी नानाजींना विचारलं, “तुमी बी या जी. आमची सरकी नीट उगवत नाई. काऊन, ते पाहून सांगा.”

सोमवारी नानाजी धुतलेलं धोतर, टोपी आणि हातात काठी अशा थाटात माझ्याबरोबर पहिल्या बसने निघाले. गेटवर तानबा शिपायाने त्यांना रामराम केला. सहावीच्या वर्गात चाळीस पोरी उठून उभ्या राहिल्या आणि एका सुरात ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणाल्या. नानाजी एक पाऊल मागे सरकले. मग हात जोडून म्हणाले, “बसा, बसा मायहो.”

त्यांनी बरण्या बघितल्या. वाळूत बोट घातलं. एक बी उकरून काढून दोन बोटांत दाबलं. आचलचा तक्ता मी त्यांना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी मान हलवली.

“नाई. हे बराबर नाई. उगवाले माती लागत नाई, ओल अन् ऊब लागते. माती लागते ते मंग, वाढाले. डिसेंबरच्या थंडीत सरकी कशी उगवन? अन् या बियायले तं केस तसेच हायेत. केसायनं पाणी आत जात नाई. आमी पेराच्या आंधी शेणामातीच्या काल्यात चोयतो.”

सिस्टर प्रत्येक वाक्य इंग्रजीत सांगत होत्या आणि पोरी लिहून घेत होत्या. मधेच सिस्टरना एक शब्द कळला नाही, ‘चोयतो’. दारातून आवाज आला, “चोळतो. इंग्रजीत, रब.” कमला टीचर तिथे उभ्या होत्या. कधीपासून, कोणास ठाऊक. त्या आत आल्या, शेवटच्या बाकावर बसल्या आणि तास संपेपर्यंत उठल्या नाहीत.

त्या दिवशी तानबाने शेण आणून दिलं. काही पोरींनी नाकं दाबली, काहींनी बाह्या वर केल्या. नानाजींनी सरकी चोळून दाखवली. दिवसभर बरण्या गच्चीवर उन्हात, संध्याकाळी आत पोत्यात गुंडाळून, असं दहा दिवस केलं. नाताळच्या सुट्टीआधी तिन्ही बरण्यांत कोंब आले. वाळूत सहा, मुरमात पाच, काळ्या मातीत आठ. सिस्टरनी तक्ता खाली उतरवला, आचलकडून नवा लिहून घेतला आणि खाली नानाजींचं पूर्ण नाव घालायला लावलं. मग सोबत शेण आणून देणाऱ्याचंही नाव हवं म्हणून आम्ही अडून बसलो, आणि तानबाचंही घातलं.

पुढे चारचा तास तिघींचा झाला. कमला टीचर सिस्टरना पुस्तकातली मराठी शिकवायच्या आणि मी घरची. कधीकधी एखाद्या शब्दावरून आमच्यात वाद व्हायचा आणि सिस्टर दोन्ही शब्द लिहून घ्यायच्या. नानाजी वर्षातून दोन-तीनदा शाळेत यायचे. फळ्यावर नाव लिहिण्याची पद्धत मात्र मी दहावी होईपर्यंत सुरूच होती.

१९९८ च्या उन्हाळ्यात सिस्टरची बदली झाली. जूनमध्ये शाळा उघडली तर त्यांच्या जागी दुसऱ्या सिस्टर. निरोप घेता आला नाही. काही वर्षं पत्रं आली-गेली, मग तीही थांबली. मी अकोल्याला ॲग्रीकल्चरला गेले, नोकरीला लागले.

२००६ मध्ये वर्ध्याच्या भाजीबाजारात कमला टीचर भेटल्या. निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी पर्समधल्या डायरीतून सिस्टरचा नंबर काढून दिला. सिस्टर झारखंडात होत्या, दुमक्याजवळच्या एका शाळेत. मी त्याच संध्याकाळी फोन लावला. ओळख पटायला थोडा वेळ लागला. मग त्या खूप हसल्या. मराठी पार गेली म्हणाल्या, आता हिंदी आणि संथाळी. आम्ही इंग्रजीत बोललो, आणि मी न अडखळता बोलते हे ऐकून त्यांनी दोनदा ‘थँक गॉड’ म्हटलं.

“तुझे नानाजी कसे आहेत?” त्यांनी विचारलं.

नानाजी आदल्या वर्षी पोळ्याच्या दिवशी गेले, हे मी सांगितलं. पलीकडे मागे कुठेतरी पोरी खेळत असल्याचा आवाज येत होता.

“आज प्रार्थनेत त्यांचं नाव घेते,” सिस्टर म्हणाल्या. “पूर्ण नाव सांग बरं, मी लिहून घेते.”

मी एकेक अक्षर सावकाश सांगितलं.