ओली पोती

“सुधीर, अजून दोन बादल्या दे वर,” केसरीनाथकाका पत्र्यावरून म्हणाले. सकाळचे साडेसात वाजले होते.

मी शिडीवर चढून बादली दिली. “काका, कशाला हा उपद्व्याप? तापू दे की आज ऑफिस! तेच तर मोजायला येतेय ती मुलगी.”

“लेकीच्या वयाची पोर हाय. पाहुनी येनार आनी तिला भट्टीत बसवायची? आमच्या शेलार गावात असं कोनी करीत न्हाय.”

भाताची बावीस रिकामी पोती त्यांनी घरून आणली होती. ती एकेक करून भिजवून त्यांनी पत्रा झाकून टाकला.

आमचं ऑफिस म्हणजे गोदामाला चिकटवलेली पत्र्याची खोली. मे महिन्यात दुपारी टेबलाला हात लावला तरी चटका बसतो. एसी फक्त मॅनेजर हरेश शेठच्या केबिनला, आणि तिचं दार जरा उघडं राहिलं तर शेठ डोळे वटारतात. काका चौदा वर्षं इथे कॉम्प्युटरवर पार्सलांच्या पत्त्यांची नोंद करत होते. सकाळी काम चोख. दोननंतर मात्र त्यांना अंधारी यायची आणि अंबाडीचं पार्सल अंबरनाथला जायचं. तीन मेमो झाले होते, चौथ्याला घरी. निवृत्तीला दोन वर्षं होती. शेवटी काकांनी मुख्य ऑफिसला अर्ज केला, की चूक माझी नाही, उकाड्याची आहे, कुणीतरी येऊन बघा. नवल म्हणजे त्यांनी खरंच माणूस पाठवला. आणि ज्या दिवसावर नोकरी टांगलेली, त्याच दिवशी हा बाबा पाणी मारत बसलेला! मला त्यांचा भयंकर राग आला.

मुख्य ऑफिसने पाठवलेली उन्नती अकराला आली. काकांनी तिला ताक दिलं, पंखा तिच्याकडे वळवला, आणि दर तासाला वर जाऊन पोती भिजवली. दुपारी तीनला तिच्या तापमान मोजायच्या यंत्रावर आकडा होता एकोणतीस.

“छान आहे की इथे,” ती म्हणाली.

“ताई, रोज न्हाय असं,” काका संकोचून म्हणाले. “तुमी येनार म्हनून पोती घातली. रोज हितं जीव जातो.”

“पोती? अरे वा!” तिने बाहेर जाऊन फोटो काढले. “पण काका, मी यंत्र दाखवतं तेच लिहिणार. आणि पुन्हा यायची परवानगी नाही मला.”

रोजचं खरं सांगायला मी तोंड उघडलं. पण हरेश शेठ दारात उभे होते आणि माझेही दोन मेमो झाले होते. मी पुन्हा माझ्या नोंदींकडे वळलो. त्याची लाज मला अजून वाटते.

आठवड्याने अहवाल आला. शेठनी तो सगळ्यांसमोर वाचला. ऑफिसमधलं वातावरण कामाला पोषक आहे. चुकांचं कारण कर्मचाऱ्याचं वय असावं. छपरावर ओली पोती घालायची पद्धत उत्तम असून ती रोज चालू ठेवावी.

“ऐकलंत ना, केसरीनाथ?” शेठ हसत म्हणाले. “कॉम्प्युटर सोडा. उद्यापासून पोत्यांची ड्युटी तुमची, बारा ते चार. सुकता कामा नयेत. जमत नसेल तर आजच राजीनामा द्या.”

काकांनी चष्मा पुसला. “जमंल,” म्हणाले.

आता त्यांच्या खुर्चीवर नवी मुलगी बसते, निशा. दुपारी ऑफिस गार असतं. महिनाभरात माझी एकही नोंद चुकलेली नाही, शेठनी पाठसुद्धा थोपटली. वर काकांची पावलं वाजत असतात.

काल दोनच्या सुमारास ती पावलं थांबली. मी बाहेर जाऊन पाहिलं, तर काका पत्र्यावर उकिडवे बसले होते, चेहरा लालबुंद. मला बघून धडपडत उठले.

“बसलो न्हाय रे, पोतं सरळ करीत होतो. शेठला बोलू नको.” मग वाकून त्यांनी विचारलं, “निशाला गरम न्हाय ना होत?”

“नाही काका. छान गार आहे,” मी म्हणालो आणि आत येऊन कामाला लागलो.